भिशीतला लांडगा

आमच्या भिशीत अकरा माणसं होती आणि एक लांडगा. माणसांपैकी दोघं-तिघं हप्ता पुढे ढकलायची. एक जण तर स्वतःचा नंबर लागून गेला की पुढच्या महिन्यापासून नेमका आजारी पडायचा. लांडग्याचा हप्ता मात्र कधी चुकला नाही. यात लांडग्याचं काही कौतुक नाही, त्याला भिशीत घुसवणारा माणूसच तसा होता.

पिंपरीच्या आमच्या कारखान्यात ते इन्स्पेक्शनचे प्रमुख होते. तोंडावर सगळे 'साहेब' म्हणायचे आणि पाठीमागे 'नो-गो'. भोक मापात पडलंय की नाही हे पाहायला आमच्याकडे एक गेज असायचं. त्याचं एक टोक भोकात जायला हवं, आणि दुसरं, केसभर जाड असलेलं, जाता कामा नये. त्या दुसऱ्या टोकाला म्हणतात नो-गो. साहेब जन्मभर त्याच टोकाने जगले. कँटीनची चपाती हातात आली की ते आधी तिची कड अंगठ्याने दाबायचे आणि मग आचाऱ्याकडे अशा नजरेने पाहायचे की त्या बिचाऱ्याला गावाकडची आई आठवावी. पुतण्यासाठी मुलगी पाहायला गेले आणि परत येऊन भावाला म्हणाले, "मुलगी पास. मुलगा रिजेक्ट." भाऊ वर्षभर बोलत नव्हता. मुलगी खरोखरच दुसरीकडे गेली आणि सुखात राहिली, हे भावाला जास्त लागलं.

वहिनी या सगळ्याला पुरून उरल्या होत्या. चिंचवडला त्यांच्या दोन खोल्यांत कुणी नवखा माणूस आला की चहा देताना सांगायच्या, "ह्यांनी मला पाहायला तीन खेपा घातल्या. दोनदा फेरतपासणीला ठेवलं होतं. तिसऱ्यांदा मीच म्हटलं, आता माल परत घेतला जाणार नाही."

त्या काळात आमच्या पट्ट्यात नवे कारखाने भराभर उभे राहत होते आणि कालपर्यंत कांदा काढणारी माणसं आज लेथवर उभी होती. कामाचा तगादा मोठा, माणसं शिकाऊ. त्यामुळे सगळ्या कारखान्याचा एकच मंत्र होता : चालेल. भोक जरा तिरकं आहे, चालेल. रंगाखाली गंज आहे, चालतंय की राव. साहेबांना या शब्दाची ॲलर्जी होती. त्यांनी आपल्या टेबलावर ग्रीसचा एक रिकामा डबा ठेवला आणि जाहीर केलं की या खात्यात जो कुणी 'चालेल' म्हणेल त्याने डब्यात चार आणे टाकायचे. चालेल, चालतंय, चलेगा, चलता है, सगळ्या भाषांना दंड सारखाच. मराठवाड्यातला असो, कोकणातला असो की मद्रासचा इंजिनिअर असो, सूट नाही.

डबा महिन्याभरात जड झाला. या पैशाचं करायचं काय, असं कुणीतरी विचारलं. भजी, असं बहुमत होतं. साहेब म्हणाले, "याचा हप्ता होतो. मी भिशीत एक नवा मेंबर आणतो."

मेंबर म्हणजे माळावरचा एक लांडगा. पहिला सोपान बोलला. सोपान चिखलीचा, आमच्या खात्यातला सगळ्यात तोंडाळ माणूस.

"सायेब, उद्या त्यो लांडगा पैसं घेऊन पळाला मंजी?"

"तू पळालास तर?"

"मी चिखलीचा हाय. कुटं जानार?"

"तोही माळावरचाच आहे. तुझ्या आधीपासून."

सोपानने विचार केला आणि म्हणाला, "मंग चालतंय." चार आणे पडले. लांडग्याच्या पहिल्या हप्त्यात ते होते.

हा लांडगा साहेबांना भेटला कुठे, याच्या तीन-चार हकीकती होत्या आणि सगळ्या त्यांच्याच तोंडच्या. रविवारी ते सायकल काढून एकटेच चिखलीच्या पुढे, तळेगाव-चाकण रस्त्याच्या अलीकडे जो मोठा माळ होता तिकडे जायचे. कधी म्हणत, घरात पाहुणे फार येतात म्हणून. कधी म्हणत, तिथे कुणी काही बनवत नाही, त्यामुळे तपासायला काही नसतं. मला आवडलेली हकीकत पंक्चरची. सायकल पंक्चर झाली, ती ढकलत निघाले, आणि एक लांडगा थोडं अंतर राखून डांबरी रस्त्यापर्यंत मागे मागे आला. "काही बोलला नाही," साहेब म्हणायचे. "माणूस मागे आला की बोलतो."

त्या माळाची गंमत अशी की तिथे हवेली, खेड आणि मावळ या तिन्ही तालुक्यांच्या शिवा एकमेकींना भिडायच्या. पावसाळा सरला की फलटण-बारामतीकडचे धनगर मेंढरं घेऊन कोकणात उतरायला निघायचे आणि वाटेत माळाच्या कडेच्या शेतांत मुक्काम करायचे. शेतकऱ्याला मेंढरांचं खत मिळे, त्यांना धान्य. नेमकी त्याच दिवसांत लांडगीण व्यालेली असे. तिला पिल्लांसाठी घास हवा आणि समोर आयतं ताट. एखादी मेंढी गेली की धनगर दुसऱ्या मेलेल्या मेंढीत विष घालून ठेवायचे, नाहीतर बीळ शोधून धुरी द्यायचे. त्यांचं काही चुकत होतं असं साहेबांनी कधी म्हटलं नाही. "ज्याची मेंढी मेली त्याने लांडग्यावर प्रेम करावं, असं म्हणणारा माणूस रिजेक्ट," ते म्हणायचे. "मेंढीचे पैसे त्याच दिवशी हातात ठेवा आणि मग प्रेमाचं बोला."

आधी त्यांनी सरळ मार्गाने जाऊन पाहिलं होतं. मेंढीची भरपाई मागायला रजा टाकून तीन तालुक्यांच्या तीन कचेऱ्या पालथ्या घातल्या. एका कचेरीत सांगितलं, मेंढी पलीकडच्या हद्दीत मेली. पलीकडे सांगितलं, लांडग्याचं बीळ मावळात आहे, तिकडे जा. मावळात विचारलं, तुम्ही राहता कुठे? चिंचवडला म्हटल्यावर, मग अर्ज हवेलीत करा. साहेब संध्याकाळी खात्यात येऊन म्हणाले, "लांडग्याला सात-बारा काढून द्यायला हवा." आणि त्याच आठवड्यात त्यांनी डबा टेबलावर ठेवला होता, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. भजी त्यांच्या मनात कधी नव्हतीच.

बाकीच्यांच्या चिठ्ठ्या निघायच्या, लांडग्याचा नंबर मात्र ठरलेला : मार्गशीर्षातला, सगळ्यात शेवटचा. ती रक्कम साहेब न्यायचे आणि वर्षभर पुरवायचे. एके वर्षी ती मेंढ्यांच्या भरपाईत गेली. दुसऱ्या वर्षी एकही मेंढी मेली नाही, तर त्यांनी धनगरांना एक दांडगा कुत्रा घेऊन दिला. दुष्काळाच्या वर्षी म्हणे माळावर टँकरच्या ड्रायव्हरला चहा पाजण्यात बराच भाग गेला, म्हणजे तो वाटेतल्या खड्ड्यात थोडं पाणी सांडायचा. एकदा धनगराच्या सुनेला बाळंतपणासाठी तळेगावला नेण्याचं टेंपोचं भाडं त्यातून दिलं. तेव्हा मी न राहवून विचारलं, "साहेब, यात लांडग्याचा काय संबंध?"

"तुझा नंबर लागला तेव्हा तू काय घेतलंस?"

"बायकोला पाटल्या."

"मी विचारलं होतं, पाटल्यांचा काय संबंध?"

भिशीचा कायदाच तो. ज्याचा नंबर त्याचे पैसे, त्याने ते कशाला नेले ते विचारायचं नाही, आणि वर्ष संपलं की नवी भिशी सुरू.

आणखी एक विचित्र प्रकार होता, आणि त्याने मला कायम हसू यायचं. महिनाअखेर आली, माल रवाना करायची घाई झाली की सगळा कारखाना सुटल्यासारखा 'चालेल, चालेल' करायचा. प्रॉडक्शन मॅनेजर तर नोटच टाकून ठेवायचे, आगाऊ. म्हणजे आमचा माल जितका बिघडायचा तितका लांडगा सुखात राहायचा. साहेब दिवसभर 'चालेल'शी भांडायचे आणि संध्याकाळी डबा हलवून बघायचे. एखाद्या महिन्यात काम चोख झालं तर डबा हलका लागे, आणि त्यांचा चेहरा असा व्हायचा की आनंद मानावा की काळजी करावी हे त्यांचं त्यांना कळेना. कमी पडलेले पैसे मग ते स्वतःच्या खिशातून घालायचे.

ही वार्ता वर गेली आणि आमच्या वेल्फेअर ऑफिसरला वन्यप्राण्यांचा पुळका आला. तरुण, इस्त्रीचा, मुंबईहून आलेला माणूस होता. तो साहेबांना म्हणाला, कंपनी भिशीपेक्षा कितीतरी मोठी रक्कम द्यायला तयार आहे. अटी फक्त एवढ्याच, की पैसे बांधकामावरच खर्च व्हावेत, एकाच गावच्या हद्दीत व्हावेत, मार्चच्या आत संपावेत आणि वर बोर्ड लागावा.

"आणि आम्हाला रिझल्ट दाखवावा लागेल," तो म्हणाला. "पाच वर्षांनी काय दिसेल?"

"लांडगा दिसेल."

"ते झालं. आणि दहा वर्षांनी?"

"तोच. नाहीतर त्याचा मुलगा."

वेल्फेअर ऑफिसरने हे लिहून घेतलं नाही. साहेबांनी योजना नापास केली, पण ती इन्स्पेक्शनला आलेली नव्हती, त्यामुळे कुणी ऐकलं नाही. माळावर सिमेंटचा हौद बांधला गेला. उद्घाटनाला टँकरने भरला, मॅनेजरसाहेबांना हार घातला, फोटो निघाले. पाणी आठ दिवसांत उडालं. दुसऱ्यांदा टँकर पाठवायला पैसे नव्हते, कारण पाणी हे बांधकामात बसत नाही. पुढे त्यात कुणीतरी कडबा रचला. बोर्डाचा पत्रा एकाच्या खुराड्यावर गेला, खांब तेवढा उरला. साहेबांचा त्या खांबावर फार जीव. लांडगा रोज येता-जाता तिथे तंगडी वर करतो म्हणायचे. "बघा, पोच दिली त्याने."

निवृत्तीच्या समारंभात कंपनीने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. भाषणं चालू असताना त्यांनी ते मनगटावरच्या घड्याळाशी लावून पाहिलं, आणि आभार मानायला उभे राहिले तेव्हा एवढंच म्हणाले की हे मागे पडतंय, बदलून द्या. लोक इतके हसले की त्यांना वाटलं भाषण चांगलं झालं. घड्याळ बदलून आलं का ते ठाऊक नाही. डबा मात्र त्यांनी माझ्या टेबलावर आणून ठेवला होता. मला काही सांगितलं नाही, फक्त झाकण नीट बसतंय का ते दोनदा पाहिलं. मला त्या माणसाचा इतका राग आलेला असायचा वर्षानुवर्षं, आणि त्या दिवशी मीही ते झाकण एकदा दाबून पाहिलं, याचाही मला रागच आला.

पण सांगायचं आहे ते निवृत्तीच्या आधीचं. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून 'चालेल' हा शब्द मी एकदाच ऐकला, तो टाळेबंदीच्या वर्षी.

कारखान्याच्या गेटला कुलूप लागून महिने झाले होते. पगार नाही. पट्ट्यातल्या भिश्या पटापट फुटत होत्या, जिवलग मित्र एकमेकांना पाहून गल्ली बदलत होते. आमची कशीबशी टिकून होती, कारण साहेब दारात येऊन उभे राहायचे आणि काहीच बोलायचे नाहीत. मार्गशीर्ष लागला. नंबर लांडग्याचा. आम्ही सगळे आपापले पैसे घेऊन, वापरून, विसरून मोकळे झालेलो. राहिला तो एकटा. आणि काम बंद म्हणजे 'चालेल' बंद, त्यामुळे डबाही रिकामा.

साहेबांच्या ओट्यावर आम्ही जमलो. वहिनींनी कोरा चहा दिला. एक जण हळूच म्हणाला, या वर्षापुरतं लांडग्याला वगळू या. कुणी नाही म्हणेना. साहेब म्हणाले, "अकरा महिने त्याने भरले. तुम्ही प्रत्येकाने त्यातले नेले. माणसाचे पैसे लांडग्याने खाल्ले असते तर पेपरात आलं असतं." आम्ही खाली माना घालून चहा प्यायलो. पण खिशात कुणाच्याच काही नव्हतं, त्यांच्याही नव्हतं. वहिनींच्या हातात त्या दिवशी सोन्याच्या जागी काचेच्या बांगड्या होत्या.

तेवढ्यात सोपान सायकल आपटत आला. टाळेबंदीत तो चुलत्याच्या शेतावर कांदा लावत होता आणि धनगरांचा वाडा, म्हणजे मुक्कामाचा तळ, त्याच शेतात बसला होता. "सायेब, लांडगा वाड्यात शिरला. मेंढरं मारली. त्यांनी बीळ हुडकलंय, वढ्याच्या कडंला. पिल्लं हायेत आत. फेस घातलाय भवतीनं, मिरच्या आनल्यात. आता धुरी घालत्यात."

"फेस काय?" मी विचारलं.

"काटक्या हो! चला लवकर."

साहेब, मी आणि सोपान सायकलींवर निघालो. वाटभर मी विचार करत होतो, की रिकाम्या हाताने जाऊन हा माणूस काय करणार? इतकी वर्षं त्या माळावर त्यांच्या शब्दाला जी किंमत होती ती रोकड्याची होती. पैसे न देता परत आले तर आजची धुरी अडणार नाही, आणि पुढच्या कुठल्याच वर्षी त्यांचं कुणी ऐकणार नाही.

वाड्याची कारभारीण एक उंच, काटक बाई होती. पुरुष मेंढरं घेऊन पुढे गेले की सगळा कारभार तिचाच. तिने साहेबांना लांबूनच ओळखलं.

"आला का लांडग्याचा पाव्हणा!"

मेलेली मेंढरं कळप कोंडायच्या जाळीच्या कडेला ओळीने ठेवली होती. साहेब उकिडवे बसले आणि सवयीप्रमाणे एकेकीचा गळा पाहू लागले. शेवटच्या मेंढीशी थांबले. "हिला लांडग्याने नाही मारलं. ही गर्दीत चेंगरली."

मी डोळे मिटले. देण्यासाठी दमडी नाही, आणि हे माल तपासतायत.

"लांडगा आला म्हनून चेंगारली न्हवं?" बाई म्हणाली. "का तिला हौस आल्ती?"

साहेबांनी जरा विचार केला. "बरोबर आहे. पास." मग उठले, हात पँटला पुसले. "बाई, आज पैसे नाहीत. कारखाना बंद आहे."

"मंग लांडगाबी बंद ठिवायचा व्हता."

सोपान फिसकन हसला आणि गप्प झाला. ओढ्याच्या बाजूला एक जण काटक्या रचून काडेपेटी घेऊन बसला होता आणि बाईच्या खुणेची वाट पाहत होता. साहेबांनी तिकडे एकदाच पाहिलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मी त्यांना कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं.

बाईने विचारलं, "तुमचा कारखाना बंद तर सरकारनं का पैसं बंद केलं?"

तेव्हा कळलं की इतकी वर्षं तिला वाटत होतं, हे पैसे सरकार देतं. साहेबांनी तिला भिशी सांगितली. डबा सांगितला. 'चालेल' सांगितलं. बाई जाळीच्या खुंटीवर हात ठेवून ऐकत राहिली. मध्येच तोंडाला पदर लावून हसली.

"मंजी ह्ये शानं लोक वंगाळ काम करत्यात, त्येचा दंड लांडगा खातुया, आन् त्यातनं माझी मेंढी भरून निगती?"

"हो."

"आन् ज्येचा नंबर त्येला कुनी इचारत न्हाई, पैका कशाला नेला?"

"नाही."

तिने मेलेल्या मेंढरांच्या ओळीकडे पाहिलं. मग म्हणाली, "ह्या खेपंचं ऱ्हाऊ द्या. कारखाना उगडल तवा द्या. पर मला घ्या भिशीत."

"तुम्हाला?"

"मी हितं म्हैनाभर. मग घाट उतरनार, कोकनात. मग म्हागारी, पार फलटनाच्या पल्याड. लांडगं काय ह्याच माळावर हायती व्हय? त्येला शिव कळत न्हाई, माझ्या मेंढराला कळत न्हाई. तुमचा पैका तेवडा ह्या माळावर बसून ऱ्हातुया. मला नंबर द्या. जितं लांडगा मेंढी नील, तितं मी भरून दीन, माझी असू द्या न्हाईतर दुसऱ्याची. म्या सांगितल्यावर लोक ऐकत्याल. तुमचं कोन ऐकतंय तिकडं?"

"आणि हप्ता?"

"रोकड न्हाई. लोकर दीन, कवा घोंगडं, कवा कोकरू. येता-जाता. तारीख इचारायची न्हाई."

मी आणि सोपानने एकमेकांकडे पाहिलं. तारीख नाही, रक्कम नाही, हप्ता कधी कोकरू तर कधी घोंगडं, मेंबर कधी कोकणात तर कधी फलटणला. या माणसाने केसभर फरकासाठी अख्ख्या गाड्या परत पाठवल्या होत्या. आता 'रिजेक्ट' येणार आणि काडी ओढली जाणार, असं मला वाटलं.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. ओढ्याकडे पाहिलं.

"चालेल," ते म्हणाले.

वारा होता, त्यामुळे मला वाटलं चुकीचं ऐकलं. पण सोपानचे कान तिखट. "सायेब! चार आणे!"

साहेबांनी शर्टाचा खिसा पाहिला. पँटचे दोन्ही खिसे उलटे केले. काही नव्हतं. नियम तर त्यांचाच, आणि सूट कुणालाच नव्हती. ते तसेच उलटे खिसे घेऊन उभे राहिले, शाळेत चूक सापडलेल्या पोरासारखे.

बाईने कमरेची पिशवी सोडली, चार आण्यांचं नाणं काढलं आणि त्यांच्या तळहातावर ठेवलं. "घाला लांडग्याच्या डब्यात. माझा पयला हप्ता."

मग ती ओढ्याकडे तोंड करून ओरडली, "ए, त्या मिरच्या आन हिकडं! कालवनाला लागतील."

त्या दुपारी लांडग्याने मारलेल्या मेंढीचं तिखटजाळ कालवण सोपानने आणि मी पोटभर ओरपलं. टाळेबंदी लागल्यापासून आमच्या तोंडाला मटण लागलं नव्हतं. साहेब शाकाहारी, ते भाकरी-कांदा घेऊन बसले. बाईने भाकरी पुढे केली तशी त्यांनी सवयीने तिची कड अंगठ्याने दाबून पाहिली. कड चांगलीच जाड होती. आम्ही दोघं घास थांबवून पाहत राहिलो. ते काही बोलले नाहीत, मुकाट्याने खाऊ लागले. त्यांची मूठ मात्र मिटलेली होती, आणि ते नाणं चिंचवडला पोचेपर्यंत त्यांनी खिशात टाकलं नाही.